संग्रहालयातला राजा आणि आजीची चिंध्यांची बाहुली

तुम्ही पुण्यात वाढला असाल किंवा शाळेच्या सहलीत कधी पुण्याला आला असाल, तर एक सोपा प्रश्न. राजा दिनकर केळकर संग्रहालयातला ‘राजा’ कोण?

हाच प्रश्न मी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. ‘कुठल्यातरी संस्थानचा राजा असणार’, ‘पेशव्यांचा सरदार’, ‘दिनकर नावाचे राजे होऊन गेले’ अशी उत्तरं आली. एकाने नुसता मुकुटाचा इमोजी टाकला. हसू नका. बारावीपर्यंत मीही तसंच समजत होते.

राजा हा केळकरांचा मुलगा होता. तो लहानपणीच गेला. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी, यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमवल्या. त्यात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. या सगळ्या संग्रहाला त्यांनी आपल्या मुलाचं नाव दिलं आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. म्हणजे बाजीराव रस्त्याजवळच्या ज्या वास्तूसमोरून आपण रोज टू-व्हीलर पळवतो, तिच्या दारावर एका लहान मुलाचं नाव आहे.

हे कळल्यावर मला जरा कसंतरीच झालं. कारण मी तिथे सातवीत असताना जाऊन आले होते आणि माझ्या आठवणीत फक्त तीन गोष्टी उरल्या होत्या : दोन-दोनच्या रांगा, ‘हात लावू नका’ आणि बाहेर आल्यावर खाल्लेली पेप्सीकोला. आमच्या शाळेने अख्खं संग्रहालय वीस मिनिटांत उरकलं होतं, कारण पुढे सारसबाग होती. तुमचीही सहल साधारण अशीच झाली असणार.

आता मी परत गेले ती असाइनमेंटसाठी. ‘शहरातल्या एका संग्रहालयावर फीचर लिहा’ असा विषय होता. एकटीने जायचा कंटाळा, मैत्रिणींची सबमिशन्स, म्हणून आजीला घेऊन गेले. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, मूळची फलटणकडची. रिक्षात बसताना म्हणाली, ‘मला काय कळतंय त्यातलं?’ त्या दिवशी सगळ्यात जास्त तिलाच कळलं.

‘खेळलं कोण ह्याच्याशी?’

केळकर संग्रहालयाची खासियत अशी की तिथे घरातल्या वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, कुलुपं, फण्या, वाद्यं, सोंगट्या, गंजिफा. बाकीचे संग्राहक तलवारी आणि नाण्यांमागे असतात, त्या काळात या माणसाने लोकांच्या माजघरातून आणि देवघरातून फेकायला निघालेल्या गोष्टी उचलल्या. आजी प्रत्येक कपाटाशी थांबत होती. ‘ही अशी वज्री माझ्या सासूकडं व्हती.’ ‘ह्याला चिमणी म्हणत न्हाईत, समई म्हणत्यात, लिहून घे.’ मी वही काढली. मग मोबाईलचं रेकॉर्डिंगच चालू केलं.

खेळण्यांपाशी, भातुकलीपाशी ती बराच वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, ‘हे कुणाचं गं?’

‘संग्रहालयाचं.’

‘तसं नव्हं. खेळलं कोण ह्याच्याशी?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर जगातल्या कुठल्याच संग्रहालयाकडे या प्रश्नाचं उत्तर सहसा नसतं. खेळणं संग्राहकाच्या हाती येईपर्यंत ज्या मुलीने ते खेळलं, ती आजी झालेली असते किंवा गेलेली असते. मागे उरतं ते धातू, काळ आणि ठिकाण.

‘तुझी भातुकली होती का अशी?’ मी विचारलं.

‘आमच्यात कुठली पितळंची भातुकली? चिखलाच्या चुली, नारळाची करवंटी आन् बाभळीच्या शेंगा. बाहुली चिंध्यांची. आईनं केलेली. काजळानं डोळं काढलेली.’

‘मग ती कुठे गेली?’

‘जाती कुठं? धाकटीनं घेतली, मग तिच्या धाकटीनं. फाटली, संपली.’ आणि मग एकदम : ‘लगीन झालं तवा मी पंधराची. बाहुली न्यायचं मनात व्हतं. पण म्हनलं, सासरची लोकं काय म्हणतील?’

ही गोष्ट मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. ती आमच्या घरात, माझ्याच खोलीत झोपते. मी तिला कधी विचारलं नव्हतं. एका काचेच्या कपाटाने ते काम केलं.

न खेळलेलं खेळणंच टिकतं

त्या संध्याकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा लेख.

खेळणं ही विचित्र वस्तू आहे. ते जितकं आवडतं, तितकं लवकर मोडतं. आवडत्या बाहुलीचा हात निखळतो, आवडत्या गाडीची चाकं हरवतात, आवडता भोवरा घासून घासून संपतो. जे खेळणं ‘महागाचं आहे, खराब होईल’ म्हणून शोकेसमध्ये ठेवलं जातं, ते टिकतं. म्हणजे शंभर वर्षांनी संग्रहालयात पोचतं ते बहुतेक वेळा कमी खेळलेलं खेळणं. आणि ते ठेवायला ज्यांच्या घरी शोकेस होती, त्यांचं.

पितळेची भातुकली टिकते, चिखलाची चूल पहिल्या पावसात जाते. शिसवी सोंगट्या टिकतात, अर्धे फोडलेले चिंचोके खेळ संपल्यावर कोपऱ्यात जातात. सागरगोटे झाडाचे, बिट्ट्या झाडाच्या, विटीदांडू बाभळीचा. मोडला की चुलीत. आजी म्हणाली, गावच्या सुताराने तिच्या थोरल्यासाठी, म्हणजे माझ्या काकांसाठी पांगुळगाडा केला होता. तीन चाकांचा, लाकडी, धरून चालायला शिकायचा. त्यावर अख्ख्या आळीतली पोरं चालायला शिकली. शेवटी तो एका पावसाळ्यात सरपण म्हणून गेला. कितीतरी मुलांची पहिली पावलं त्यावर पडली असतील आणि आज त्याचा साधा फोटोसुद्धा नाही.

म्हणजे आपण काही केलं नाही, तर पुढच्या पिढ्यांना असंच वाटणार की महाराष्ट्रातली सगळी मुलं पितळेच्या भातुकलीने खेळत होती. वाड्यातलं बालपण इतिहासात राहील, वस्तीवरचं, पाड्यावरचं, चाळीतलं बालपण पुसलं जाईल. माझा मुद्दा एवढाच आहे : आपल्याला गावोगावी बालपणाची छोटी छोटी संग्रहालयं हवीत. ती आपल्या पिढीने सुरू करायला हवीत. आणि ती नुसती खेळण्यांची नकोत.

बालपण म्हणजे फक्त खेळणी नव्हेत

‘आमच्या लहानपणी किती छान होतं, मोबाईल नव्हते’ हे वाक्य प्रत्येक लग्नात एखादे काका म्हणतातच. बालपणाच्या संग्रहालयाला सगळ्यात मोठा धोका या वाक्याचा आहे. जुनं ते सगळं गोड, असं दाखवलं की ते संग्रहालय राहत नाही, सेल्फी पॉइंट होतो.

खरा इतिहास तेवढा गोड नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. त्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं होती. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि त्यात मूल. गावाबाहेर नाही, घरातच, ज्या जमिनीवर आई-बाप झोपत होते तिच्या खाली. हे मी वाचलं तेव्हा मला केळकरांचा राजा आठवला. गेलेलं मूल घरातच ठेवावंसं वाटणं तीन हजार वर्षांपूर्वीही होतं. कोणी रांजण पुरला, कोणी संग्रहालय उभं केलं.

मग लग्नाचं वय. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. नंतर ते पंधरा झालं आणि १९७८ मध्ये अठरा. माझी आजी पंधराव्या वर्षी उभी राहिली ते अगदी कायद्यात बसणारं लग्न होतं. आनंदीबाई जोशी डॉक्टर म्हणून आपल्याला पाठ आहेत, पण त्यांचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. रखमाबाईंचं अकराव्या वर्षी झालं आणि त्या लग्नाला नकार देण्यासाठी त्या मुंबईच्या कोर्टात उभ्या राहिल्या. बाहुलीचं लग्न लावायच्या वयात स्वतःचंच लग्न. हे बालपणाच्या संग्रहालयात नसेल तर कुठे असणार?

आणि अभिमानाच्या गोष्टीही आहेत, ज्या आपल्याला कुणी नीट सांगितलेल्या नाहीत. तुमच्या गल्लीतली अंगणवाडी हा शब्द आला कुठून? ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीची परदेशी साधनं गरीब मुलांना परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या हीच त्यांची खेळणी आणि हीच शिकायची साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर वर्गच कुरणात भरवला, ती कुरणशाळा. आज देशभर वापरला जाणारा शब्द आपल्या पालघरच्या अंगणांतून गेला आहे. एका टोपलीत शिंपले आणि बिया ठेवून ही सगळी गोष्ट सांगता येते. त्याला कोट्यवधींचा निधी लागत नाही.

अशीच दुसरी टोपली अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पण त्यांनी आयुष्य घालवलं ते आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ आणि जुनी वर्तमानपत्रं यांपासून विज्ञानाची खेळणी करण्यात. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. त्यांचं एक सूत्र मला फार पटतं : खेळणं मोडून बघता आलं पाहिजे. काचेच्या कपाटातल्या संग्रहालयाला हे झेपेल का? झेपलं पाहिजे.

बाहेर काय चालतं?

स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराच्या मुख्य जुन्या रस्त्यावर ‘म्युझियम ऑफ चाइल्डहुड’ आहे. १९५५ मध्ये पॅट्रिक मरे नावाच्या नगरसेवकाने ते सुरू केलं. नगरसेवकाने, हे परत वाचा. गंमत म्हणजे त्याचं म्हणणं होतं की हे मुलांसाठीचं संग्रहालय नाही, बालपणाबद्दलचं आहे. मुलांनी मात्र त्याचं ऐकलं नाही. पुढे ते ‘जगातलं सगळ्यात गोंगाटाचं संग्रहालय’ म्हणून प्रसिद्ध झालं.

लंडनच्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीतलं संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं. योगायोग बघा, भायखळ्याचं आपलं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही त्याच वर्षी लोकांसाठी खुलं झालं. बेथनल ग्रीनला सुरुवातीला मुलांचं काहीच नव्हतं. १९२० च्या दशकात तिथले प्रमुख आर्थर सॅबिन यांच्या लक्षात आलं की संग्रहालयात मुलं भरपूर येतात आणि कंटाळून भटकत राहतात. त्यांनी मुलांना हाकललं नाही. त्यांच्यासाठी वस्तू मांडल्या, शिक्षक आणले. १९७४ मध्ये ते अधिकृतपणे बालपणाचं संग्रहालय झालं आणि २०२३ मध्ये मुलांना विचारून, त्यांच्या सूचना घेऊन ‘यंग व्ही अँड ए’ या नव्या रूपात उघडलं. कंटाळलेल्या मुलांकडे कुणीतरी नीट बघितलं, एवढ्यावरून हे सुरू झालं. मला आमची दोन-दोनची रांग आठवली.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. दिल्लीचं शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय १९६५ चं. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांनी दिलेल्या एका बाहुलीपासून तो संग्रह सुरू झाला आणि हजारोंवर गेला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात गोरखचिंचेच्या जुन्या झाडाजवळ २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. तिथे मुलांनाच क्युरेटर केलं जातं, काय मांडायचं ते मुलं ठरवतात. आणि कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं. तिथे गेलेल्या बाबांचे चेहरे बघा, मुलांपेक्षा जास्त खूश असतात.

पण ही सगळी मोठ्या शहरातली. बार्शीच्या, चोपड्याच्या, गडहिंग्लजच्या मुलाने काय करायचं?

तिकडे जिवंत संग्रहालय आहेच. फक्त त्याला आपण संग्रहालय म्हणत नाही. दिवाळीत अंगणात किल्ला होतो. कुंभाराकडून मावळ्यांची चित्रं येतात, सिंहासनावर महाराज बसतात, उतारावर अळीव पेरून शेत उगवतं. मुलांनी स्वतः माती कालवून इतिहासाचं मॉडेल करण्याची अशी परंपरा आपल्याच अंगणात आहे आणि आपण ती ‘यंदा सोसायटीत रेडिमेड किल्ला आणू’ म्हणत संपवत आहोत. विदर्भात पोळ्यानंतर तान्हा पोळा असतो. चाकांवरचे लाकडी नंदीबैल सजवून मुलं दारोदार जातात आणि बोजारा मागतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी रंगवली जातात. तिथल्या राजघराण्याने १९७० च्या दशकात गंजिफांची कला पुन्हा उभी केली नसती, तर ती संपलीच असती. हे सगळं आज आहे. उद्या असेलच याची खात्री कोण देणार?

‘आधी खड्डे बुजवा’

आता तुमच्या मनातल्या शंका. माझ्या मित्रांनी त्या माझ्या तोंडावर बोलून दाखवल्यात, त्यामुळे अंदाज आहे.

पहिली : ‘रस्त्यात खड्डे आहेत, हॉस्पिटलात बेड नाहीत आणि तुला खेळण्यांचं म्युझियम पाहिजे?’ रास्त आहे. म्हणून मी कोट्यवधींची इमारत मागतच नाहीये. पडून असलेली वर्गखोली, सार्वजनिक वाचनालयाचा एक कोपरा, गणपती मंडळाची खोली, कुणाच्या तरी वाड्याची ओसरी एवढं पुरे. मंडळं दरवर्षी देखाव्यावर किती खर्च करतात ते तुम्हाला माहीत आहे. एका वर्षी ‘आपल्या पेठेतलं बालपण’ असा देखावा केला आणि विसर्जनानंतर तो टिकवला, तर संग्रहालय झालंच की. आणि खड्ड्यांबद्दल म्हणाल, तर संग्रहालय नसलेल्या गावांतही खड्डे आहेत.

दुसरी : ‘सगळं यूट्यूबवर आहे.’ आहे ना. सागरगोटे कसे खेळायचे याचा व्हिडिओ मी पाहिला. पाचही सागरगोटे उपड्या पंजावर झेलताना माझी बोटं कशी अडखळली, ते मात्र व्हिडिओत नव्हतं. आजीने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्याच फटक्यात झेलले. ती आठवण तिच्या हातात आहे, डोक्यात नाही. हाताला काहीतरी दिल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

तिसरी शंका जास्त गंभीर, ती एका ज्युनिअरने काढली. तो म्हणाला, ‘ताई, माझ्या आईला लहानपणी खेळणीच नव्हती. ती वीटभट्टीवर होती. तुझ्या म्युझियममध्ये ती काय आणणार?’

मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. मग मी त्यालाच विचारलं, आई भट्टीवर असताना अजिबात खेळायच्या नाहीत का? त्याने घरी विचारलं. त्या खेळायच्या. ओल्या मातीची जनावरं करायच्या आणि विटांच्या मध्ये लपवून भाजून घ्यायच्या. भट्टी उतरवताना मुकादमाला सापडली तर ओरडा खायच्या. असं एकही जनावर आज उरलेलं नाही. पण ही गोष्ट आहे आणि ती पितळेच्या भातुकलीइतकीच त्या संग्रहालयात बसली पाहिजे. एक रिकामं कपाट ठेवा. वर लिहा, ‘या मुलीची खेळणी भट्टीत राहिली.’ शेजारी तिचा आवाज हेडफोनवर ऐकवा. मी सांगते, त्या कपाटापुढे लोक सगळ्यात जास्त वेळ थांबतील.

आपण काय करू शकतो?

लेखाच्या शेवटी ‘शासनाने लक्ष द्यावे’ असं लिहायची पद्धत आहे. शासनाने द्यावंच. पण आपल्या हातातही बरंच काही आहे. एनएसएसचे तास भरायला आपण तसंही काहीतरी शोधतच असतो. इतिहासवाल्यांना प्रोजेक्ट हवं असतं, मास कॉमवाल्यांना माणसं बोलती करायची असतात, फाइन आर्ट्सवाल्यांना मांडणी करायची असते, आयटीवाले वेबसाइट करतात. हे सगळे एका कॅन्टीनमध्ये बसतात.

वस्तू मागायच्या आधी गोष्ट मागा. प्रत्येक खेळण्यासोबत, किंवा नसलेल्या खेळण्यासोबतही, पाच प्रश्न विचारा. हे कुणाचं होतं? कुणी केलं किंवा कुठून आलं? कुणाकुणाबरोबर खेळलात? ते मोडलं किंवा हरवलं कसं? आणि खेळणं थांबलं कधी, कशामुळे? शेवटचा प्रश्न हळू विचारा. आजीकडे त्याचं उत्तर ‘लगीन’ होतं. ज्युनिअरच्या आईकडे ‘भट्टी’. एका सरांकडे ‘७२ चा दुष्काळ’, कारण तेव्हा आईबरोबर खडी फोडायला जावं लागलं. तीन-चार मिनिटांचं रेकॉर्डिंग, एक फोटो, एक तारीख, बोलणाऱ्याची परवानगी. एवढं जरी प्रत्येक कॉलेजने केलं, तरी त्या तालुक्याच्या बालपणाचा एक दस्तावेज तयार होईल. पुढे खोली मिळाली तर संग्रहालय, नाही मिळाली तर एखाद्या शनिवारी कॉलेजच्या व्हरांड्यात प्रदर्शन.

एक अट मात्र पाळा. निम्म्या वस्तू हात लावायच्या ठेवा. भोवरे, सागरगोटे, गोट्या, लगोरीच्या चिपा परत करता येतात, त्यांना काचेत कोंडू नका. आणि पाटी लिहाल तेव्हा ‘खेळणे, लाकूड, विसावे शतक’ एवढ्यावर थांबू नका. नाव लिहा.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितेय ते आता सांगते. दोन वर्षांपूर्वी आमची जुनी चाळ पाडून बिल्डिंग व्हायची होती. माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे होतं. मी इयरफोन लावून दीड तासात तो रिकामा केला. एका पत्र्याच्या ट्रंकेत बाबांच्या गोट्या, चावीची मोटार, कागदी मुखवटे, कुणाचा तरी घुंगरांचा खुळखुळा असं बरंच काही होतं. मी उघडून बघितलं, ‘किती कचरा’ म्हणाले आणि ट्रंकेसकट भंगारवाल्याला दिलं. मिळालेल्या पैशांत मैत्रिणीबरोबर कॉफी प्यायले. बाबांनी संध्याकाळी विचारलं, ‘ट्रंक कुठेय गं?’ मी सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले आणि टीव्ही लावला. त्या ‘बरं’चा अर्थ मला केळकर संग्रहालयात आजीशेजारी उभी असताना कळला.

ट्रंक परत येणार नाही. पण मी बाबांना पाचही प्रश्न विचारले. चावीची मोटार त्यांना त्यांच्या मामाने मुंबईहून आणली होती आणि तिची चावी त्यांनी स्वतःच हरवली होती, म्हणून आयुष्यभर ती ढकलूनच चालवली. हे सांगताना ते जमिनीवर बसून हाताने मोटार ढकलून दाखवत होते. सत्तावन्न वर्षांचे आमचे बाबा.

आजीने परवा जुन्या साडीची एक बाहुली केली. डोळे काजळाचेच. मला वाटलं जपून ठेवू, तर तिने ती माझ्या चार वर्षांच्या भाचीला देऊन टाकली. आठवड्यात तिचा एक हात निघाला आणि वरण सांडून ती पिवळी झाली. ती काही कुठल्या संग्रहालयात जाणार नाही. पण ती कुणी केली, कुणासाठी केली आणि पंधराव्या वर्षी कुठली बाहुली माहेरी राहिली, हे माझ्या फोनमध्ये आजीच्या आवाजात आहे.

तुमच्या घरी माळा आहे का? ट्रंक आहे का? ती भंगारात जायच्या आधी आज रात्री जेवताना फोन बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा : ‘तुम्ही लहानपणी कशाशी खेळायचात?’ मग फोन परत उचला आणि रेकॉर्डिंग चालू करा.